पॅनलवर ओली गोणपाटं

मंडळी, डोकं चालेना झालंय. आमच्या डोंगरावरच्या गोठ्यात लाईट पोचलेली नाही, दूध गार ठेवायचं मशीन सोलरवर चालतं. आज दुपारी ते बंद पडलं आणि सकाळचं सगळं दूध नासलं.

छपरावर चढून बघतो तर पॅनलवर ओली गोणपाटं! आमच्या वडलांनी, आप्पांनी, टाकलेली.

"लई तापलं व्हतं रं. म्हशीच्या पाठीवर टाकतो, मग ह्याला नको?"

"आप्पा, त्याला ऊनच लागतं!" मी ओरडलो.

तरी आळेफाट्याच्या मेकॅनिकला फोन लावला. स्पीकरवरच तो म्हणाला, "भाऊ, लई तापलं तर पॅनल वीज कमीच देतं."

आप्पांनी ऐकलं. "मंग त्याला ऊन पायजे का नको?"

काय सांगू राव? आप्पा अजून गोणपाट हातात धरून उभे आहेत.