हजार रुपयांचा समुद्र

"विकलंत? पोर्तुगालच्या आजींचं कार्ड तुम्ही विकलंत?" बायको इतकी ओरडली, की खालच्या मजल्यावरचं मांजर कायमचं गाव सोडून गेलं.

आम्ही काही हौशी मंडळी हातानं कार्डं रंगवून जगभरच्या अनोळखी माणसांना पोस्टानं पाठवतो, तीही आम्हाला पाठवतात. खर्च फक्त तिकिटाचा. विकणं आमच्यात कुणी करत नाही. मी मात्र आजींचं कार्ड कोपऱ्यावरच्या कॅफेवाल्याला हजार रुपयांना विकलं. आता ही बातमी अंटार्क्टिकापर्यंत पोचून पेंग्विनांनीसुद्धा माझ्याशी बोलणं टाकलंय, याबद्दल मला शंका नाही.

खरी भीती वेगळीच आहे. भिंतीवरच्या कार्डांकडे मी पूर्वी नुसता बघत बसायचो. आता हे आठशेला जाईल, ते दोनशेलाही कुणी घेणार नाही, असं मन आपोआप बोलतं. आजींनी थरथरत्या हातानं काढलेला तो निळा समुद्र परत भिंतीवर आला, तर कदाचित हे थांबेल.

म्हणून आज हजार रुपये मुठीत धरून कॅफेत पळालो. त्यानं भिंतीवर लावलेलं कार्ड जागेवर नव्हतं.

"केवढ्याला विकलंस रे?" मी किंचाळलो.

"एका बाईंना आवडलं, देऊन टाकलं," कप पुसत तो म्हणाला. "त्याचे कसले पैसे घ्यायचे, काका?"