गटारीतला नळ

माझा माठ बाईंनी सगळ्या गल्लीसमोर गटारीत उपडा केला. घरात प्यायचं पाणी तेवढंच उरलं हुतं. नळ सुटायला अजून दोन दिवस हुते.

आमच्या झोपडपट्टीत पाणी पाच दिवसाआड येतं. त्या आठवड्यात घराघरात जुलाब लागले हुते. माझ्या सात वर्षांच्या राणीला सलाइन लावून आदल्याच दिवशी दवाखान्यातनं घरी आणली हुती. म्हणून पालिकेच्या आरोग्य ऑफिसातल्या बाई स्वच्छ पाण्याचं शिबिर घ्यायला आल्या. नाकाला रुमाल. माठाच्या तळाचा गाळ दाखवून म्हणाल्या, "पोरगी आजारी पडणार नाही तर काय? तुम्हा लोकांना स्वच्छता माहीतच नाही."

बायका खाली बघत हुत्या. मी पण. मी पाणी चौपदरी फडक्यानं गाळते. झाकते. लांब दांड्याच्या ओगराळ्यानंच काढते. ऑफिसातनं मिळणाऱ्या पाणी शुद्ध करायच्या औषधाचे थेंब टाकते, संपले की उकळते. हे सांगायचं हुतं. पण "चुकलं," म्हणाले. माझ्याच तोंडानं. त्याची लाज अजून जात न्हाय.

दुपारी राणीनं पाणी मागितलं. शेजारणीचा हंडा पण कोरडा. तीन गल्ल्या फिरले तवा एक तांब्या मिळाला.

तिसऱ्या दिवशी नळ सुटला. आमचा पाइप गटारीतनंच येतो. पहिली धार काळी, वास मारणारी. माझ्या भांड्याला लागायच्या आधीच घाण. पोरीला मी न्हाय आजारी पाडलं. तितंच बसून रडले.

तीच धार बाटलीत भरली आणि सात रस्ता चौकाजवळच्या बाईंच्या ऑफिसात गेले. पाइप आमच्या खात्यात येत नाही, असं बाई म्हणाल्या. वही पुढं सरकवली. शिबिरात स्वच्छता शिकलो, आता घरचं पाणी शुद्ध हाय, असं त्यात लिहिलेलं, त्याखाली सही करायची. गल्लीतल्या समद्या बायकांनी केली हुती.

"ह्या पाण्यावर मी सही न्हाय करणार," मी म्हणाले.

"मग औषधाच्या बाटल्या मिळणार नाहीत."

मिळाल्या न्हायत. राणी परत दवाखान्यात गेली. पाइप आजपण गटारीत हाय. दर पाण्याला मी पहिली धार बाईंच्या टेबलावर ठेवून येते. शिपाई ओतून टाकतो. टाकू दे. पाइप गटारीतनं वर काढल्याबिगर मी जायची थांबणार न्हाय.