सारसोळ्याच्या चिखलात अण्णा आणि बंड्या

सकाळी साडेसहाला मी, अण्णा आणि बंड्या घरातून निघालो. अण्णा म्हणजे माझे वडील, बंड्या म्हणजे आमचा कुत्रा. घरात जास्त कोणाचं चालतं ते सांगत नाही. बेत साधा होता. नेरूळच्या आमच्या सोसायटीतून सारसोळ्याच्या जेट्टीपर्यंत चालायचं, रोहित पक्षी बघायचे आणि नाश्त्याला परत.

फाल्गुनातली ओहोटी. पाणी दूर सरकलेलं आणि त्याच्या कडेला रोहित पक्ष्यांची गुलाबी रांग, माना खाली घालून चरणारी. तिवराच्या (खारफुटीच्या) फांदीवर एक खंड्या ध्यान लावून बसला होता. बंड्याला यातलं काही पसंत पडलं नाही. त्याला आवडली निवटी (चिखलात उड्या मारणारा मासा). ती टुणकन उडाली, त्याने पट्ट्याला हिसका दिला आणि दहा पावलांवर पोटापर्यंत रुतला.

"येईल आपला आपण," अण्णा म्हणाले.

तो आला नाही. केविलवाणा रडू लागला. एव्हाना भरतीचं पाणीही आत सरकू लागलं होतं. मग अण्णा चपला काढून उतरले आणि चौथ्या पावलाला गुडघ्यापर्यंत गेले.

जेट्टीवर जाळं साफ करणारी एक कोळीण हे बघत होती. "बाबा, हलू नको. जवरा हलशील तवरा खाली जाशील." तिने होडीतली लांब फळी चिखलावर सरकवली आणि तिच्यावर ओणवी होऊन थेट बंड्याकडे निघाली.

"अहो, मी इकडे आहे," अण्णा म्हणाले.

"तू बोलतोस, म्हंजे बरा हायस. कुत्र्याला आधी काढते."

बंड्या निघाला, मागोमाग अण्णा फळीवरून रांगत आले. जेट्टीवर पोचताच बंड्याने अंग झटकलं आणि आम्हा तिघांनाही सारखंच रंगवलं. बाईंनी अण्णांना कोरा चहा दिला, बंड्याला सुका बोंबील.

"परत येशील तवा पान्याची वेळ इचारून ये," त्या म्हणाल्या. अण्णांनी शाळकरी पोरासारखी मान डोलावली.

परतताना दुर्बीणवाले एक गृहस्थ भेटले. अण्णांना आपादमस्तक न्याहाळून त्यांनी आदराने विचारलं, "काका, तुम्ही इथलेच का?"

तीस वर्षं या प्रश्नाला 'सातारा' असं उत्तर देणारे अण्णा शांतपणे म्हणाले, "हो. सारसोळ्याचा."

गुडघ्यापर्यंत तरी ते खरंच होतं.