न जायच्या देशांची यादी

जगात जवळपास दोनशे देश आहेत, आणि त्यातला एकही आमच्या घरात पसंत पडत नव्हता.

पासपोर्ट येऊन दीड महिना झाला होता. लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून एकदा परदेशी जाऊन यायचं, एवढं ठरलं होतं. कुठं, ते ठरत नव्हतं. सुनंदानं, म्हणजे माझ्या बायकोनं, पासपोर्ट आले त्याच दिवशी बॅग भरली. देशाचा पत्ता नसल्यामुळं ती रोज एकदा स्वेटर आत घालायची आणि रोज एकदा बाहेर काढायची. मी कागलच्या एमआयडीसीत मशीनचे पार्ट तपासायला असतो. दिवसभर पास आणि रिजेक्ट असे दोन ढीग लावायचे, हे माझं काम. घरीही मी तेच केलं. जुन्या कॅलेंडरचं पान उलटं करून स्वयंपाकघराच्या दाराला टांगलं, मधोमध रेघ मारली आणि अगदी वर, पत्र्याच्या पट्टीला लागून लिहिलं: डावीकडं 'जायचे देश', उजवीकडं 'न जायचे देश'.

महिन्याभरात उजवीकडची जागा संपत आली. डावी बाजू कोरी होती.

"जपान?" मी विचारायचो.

"कच्चा मासा खात्यात म्हणं," सुनंदा म्हणायची. "गॅस पेटवायला काय हुतंय त्यास्नी?"

"श्रीलंका?"

"नारळ बघायला विमान कशाला? मालवणला एसटी जाती की."

"थायलंड?"

यावर तिनं हातातलं लाटणं खाली ठेवलं आणि माझ्याकडं बघितलं. (माझे चार मित्र मागच्या वर्षी बायकांना न घेता तिकडं जाऊन आले आणि अजून फोटो दाखवत नाहीत.) मी निमूटपणे थायलंड उजवीकडं लिहिलं. कॉलेजात शिकणाऱ्या आमच्या ऋतुजानं स्वित्झर्लंड सुचवलं. ते मी नापास केलं, कारण मला पन्हाळ्यावरसुद्धा कानटोपी लागते.

राहिली दुबई. ती मी कुणाला न विचारता उजवीकडं लिहिली, 'दुबई – दत्ताभाऊ, आठ दिवस', आणि खाली ठळक दोन रेघा मारल्या.

दत्ताभाऊ म्हणजे सुनंदाचे थोरले भाऊ. मूळचे कोडोलीचे, अकरा वर्षं दुबईत एसी दुरुस्तीच्या कामावर. माणूस लाखात एक, पण सुट्टीवर आले की दुबईबद्दल बोलतात. आमच्या खड्ड्यात उभे राहून तिथले रस्ते सांगतात. रंकाळ्यावर भेळ खाताना तिथला समुद्र सांगतात. इथं दोन तास ऐकताना माझे पाय वळवळायला लागतात. तिथं आठ दिवस, समोर प्रत्यक्ष दुबई ठेवून ऐकायचं म्हणजे मला पळून जायलाही रस्ता माहीत नाही.

आणि एका रविवारी सकाळी दारात हाक आली. "दाजी, हाय का घरात?"

मी आत धावलो, पान ओढून काढलं, घडी घालून फ्रिजवरच्या रद्दीत सारलं आणि हसत बाहेर आलो. दत्ताभाऊ दोन वाट्या तांबडा रस्सा आणि तीन तास दुबई संपवून उठले. दुसऱ्या दिवशी ते परत निघणार होते. ते गेल्यावर मी फ्रिजवर हात घातला. रद्दी होती, यादी नव्हती.

"हितला कागद कुठाय?"

"चटणीला लावला की," सुनंदा म्हणाली. "दादाला कांदा-लसूण चटणी दिली. तेल फुटू नये म्हणून वरनं त्यो गुंडाळला. लई गुळगुळीत हुता."

"त्याच्यावर काय लिवलंय ते बघितलंस का?"

"कुठलं बघू? पत्र्याची पट्टी हुती तेवढं वरचं कापून टाकलं. का वं?"

मी सांगितलं. सुनंदा खालीच बसली. "आता मला म्हायेर न्हाई," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी अर्धी रजा टाकली आणि प्लास्टिकची नवी बरणी घेऊन कोडोली गाठली. बेत साधा होता: चटणी बरणीत, कागद खिशात. पण दत्ताभाऊंची बॅग चिकटपट्टी लावून, वर दोरी बांधून अंगणात गाडीची वाट बघत होती.

"भाऊ, चटणी सांडंल. बरणीत घालूया," मी म्हणालो.

"आता बॅग बांधली की, दाजी."

"दोरी मी सोडतो." मी गाठीला हात घातलासुद्धा. दातही लावणार होतो, तेवढ्यात सासूबाई चहा घेऊन आल्या आणि जावयानं बॅग चावणं बरं दिसणार नाही म्हणून मी थांबलो.

दत्ताभाऊ माझ्याकडं टक लावून बघत होते. "निस्त्या चटणीपायी एवढ्या लांब आलासा?" त्यांचा आवाज जड झाला. गाडी आली. त्यांनी बरणीही प्रेमानं काखेत मारली आणि गेले.

पुढचे चार दिवस मी घरात एका जागी बसलो नाही. फोन वाजला की गच्चीवर, दाराची कडी वाजली की न्हाणीघरात. पाचव्या दिवशी सुनंदानं मला धरून व्हिडिओ कॉलसमोर बसवलं. पडद्यावर दत्ताभाऊ होते, हातात तेलानं लाल झालेला कागद, डोळ्यांत पाणी.

"दाजी, चटणीचा कागद वाचला."

"भाऊ, ते काय हाय..."

"काय बोलू नगासा. जपान, लंका, कुठलं कुठलं देश काढलासा, आणि दोन रेघा मारल्या त्या निस्त्या दुबईखाली. आठ दिवस माझ्याकडं यायचं हुतं, तर तोंडानं सांगायचं की. बरणी घिऊन दारात आलासा, तरी लाजलासा."

'न जायचे देश' हा माझा मथळा पत्र्याच्या पट्टीबरोबर कचऱ्यात गेला होता. सुनंदानं मागून चिमटा काढला.

"व्हय," मी म्हणालो. "लाजलो."

अशी आमची दुबई ठरली. दत्ताभाऊंनी रजा काढली होती, गावी गेलेल्या एका दोस्ताचं घर आमच्यासाठी मागून घेतलं होतं. ते स्वतः एका खोलीत आणखी चौघांबरोबर राहतात, हे आम्हाला तिथं गेल्यावर कळलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी आम्हाला त्या गगनाला भिडलेल्या मनोऱ्यावर नेलं. आता इथं तीन तास, या तयारीनं मी काचेला टेकलो. पण दत्ताभाऊ गप्प.

"भाऊ, सांगा की. हे कुठलं, ते कुठलं?"

"मला काय म्हाईत? मी बी पैल्यांदाच वर आलोय," ते म्हणाले. "अकरा वर्षं खालनंच बघतोय. एकट्यानं काय यायचं?"

मग त्यांनीच विचारलं, "दाजी, आपली कोडोली कुठल्या अंगाला आली?"

दुपारचं ऊन डोक्यावर, खाली सगळीकडं सारखीच धूळ. मला तिथं वर आणि खाली सोडून एकही दिशा कळत नव्हती. पण त्या माणसाला 'माहीत नाही' म्हणायला जीभ उचलेना. मी ठामपणे हात लांब केला. "हे असं, सरळ."

दत्ताभाऊ तिकडं बघत राहिले. "आता आईनं शेरडं सोडली असतील," ते म्हणाले आणि डोळे पुसले. मीही तिकडं बघून हात जोडले.

लिफ्टमध्ये ऋतुजानं फोनवरचा नकाशा माझ्यापुढं धरला. "बाबा," ती कानात म्हणाली, "तुम्ही दाखवलं तिकडं आफ्रिका हाय. कोडोली पाठीमागं ऱ्हायली."

परवा दत्ताभाऊंचा फोन आला होता. आता रोज कामावरून आल्यावर ते गच्चीवर जातात आणि मी दाखवलेल्या दिशेला तोंड करून पाच मिनिटं उभे राहतात. लई बरं वाटतं, म्हणाले.

"बरं करतासा, भाऊ," मी म्हणालो, "निस्तं मागं वळून बघू नगासा."