सरंगा तिसऱ्यांदा आला

"साब, ये मछली तो सुबह भी आयी थी. दो बार."

गेटवरचा शंभू टेम्पोतल्या क्रेटकडे बोट दाखवत होता. क्रेटमध्ये एकच सरंगा. शेपटीचा कोपरा तुटलेला, त्यामुळे ओळख पटायला अडचण नव्हती. ड्रायव्हर आभाळाकडे बघत होता.

तारापूर एमआयडीसीतल्या किशोरभाऊंच्या बर्फाच्या कारखान्यात मी कॉस्टिंग बघतो. म्हणजे बर्फाची लादी बनवायला खर्च किती येतो आणि ती कितीला विकावी, हे सांगतो. आमचं गिऱ्हाईक दोन तऱ्हेचं. एक, रंग बनवणाऱ्या कंपन्या. टाक्या थंड ठेवायला त्यांना बर्फ लागतोच. दुसरे मासळीवाले. कंपनीला भाव चढा, मासळीला जवळजवळ निम्मा. ऐकणाऱ्याला हा अन्याय वाटतो. पण कंपनीच्या भावातून बँकेचा हप्ता निघतो. मासळीच्या भावातून विजेचा खर्च सुटून थोडं उरतं, आणि मशीन तर चालूच असतं. सगळ्यांना चढा भाव लावला तर मासळीवाले जातात. सगळ्यांना स्वस्त दिला तर कारखाना जातो.

मासळीवाला कोण, हे ओळखायची पद्धत किशोरभाऊंच्या वडिलांच्या वेळची. गाडीत मासळी दिसली की मासळीचा भाव.

जूनमध्ये मासेमारी बंद झाली, बोटी किनाऱ्याला लागल्या, आणि मासळीच्या भावाचा बर्फ दुप्पट खपायला लागला.

"धंदा वाढला हाय," किशोरभाऊ खुशीत म्हणाले.

"कंपन्यांनी बर्फ घेणं थांबवलंय, भाऊ. हप्ता कशातून भरणार?"

मी स्कूटर काढली आणि सरंग्याच्या मागे निघालो.

टेम्पो थेट रंगाच्या कंपनीत शिरला. बर्फ उतरवून बाहेर आला आणि नाक्यावरच्या झाडाखाली थांबला. तिथे जवळच्या माहीम गावची हिराबाई बसली होती, आमची जुनी मासळीवाली. ड्रायव्हरने सरंगा तिला परत दिला. तिच्यासमोर आणखी चार क्रेट होते. प्रत्येकात एकेक मासा.

"हिराबाई, मासे भाड्याने देता?"

"बोटी बंद हायेत. इकायला काय हाय? शेवटल्या खेपेचे रायलेले लावले कामाला."

"खराब नाही होत?"

"दिसभर बर्फातच तर असतात."

"आणि भाडं?"

"कंपनी बघून. मोट्या गेटाला जास्त, बारक्याला कमी. समद्यांना एकच लावला तर बारके येतील काय?"

हेच किशोरभाऊंना समजवायला मी दोन मीटिंगा घेतल्या होत्या. मला तिचा राग आला आणि हेवाही वाटला.

"असंच चाललं तर कारखाना बंद पडेल," मी म्हटलं. "बोटी सुटल्यावर बर्फ कुठून आणाल?"

तिच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. तिने सरंग्यावरचं फडकं नीट केलं.

"उद्यापासून गेटवर मी बसते," ती म्हणाली. "शंभूला काय कळते."

दुसऱ्या दिवशी तिने तीन टेम्पो परत पाठवले. मासे तिचेच आणि भाडंही तिनेच घेतलेलं, त्यामुळे कोणी वाद घातला नाही. आठवड्याभरात कंपन्या मुकाट्याने जुन्या भावावर आल्या आणि हप्ता भरला गेला. किशोरभाऊ सरंगा घरी न्यायला निघाले, तेव्हा तिने अडवलं. "खाव नका, भाऊ. लय फिरलाय तो."

एका मालाचे दोन भाव ठेवायचे तर मधल्या दारावर खमकं माणूस बसवावं लागतं. त्याचा खर्चही धरावा. हिराबाईने स्वतःच्या बर्फाला तिसराच भाव लावून घेतलाय, आणि तो निम्म्याच्याही खाली आहे.