चरबी माखलेलं पातं

पन्नाशीला टेकलेल्या माणसाला स्वतःच्या हातानं धनुष्य बनवायची खाज का यावी, ते मला विचारू नका. आमची केळी आणि कापूस. बाण मारावा असं शेतात येतं ते फक्त रानडुक्कर, आणि ते दिसलं की मी आधी मोटरसायकल चालू करतो. तरी शनवाऱ्याच्या बाजारातून लाल मुठीचा रंदा, एक पटाशी आणि दोन कानशी घेतल्या आणि धूलकोटकडच्या पाड्यावर गेलो. तिथले एक बाबा धामणीच्या लाकडाची धनुष्यं बनवतात.

बाबांनी पिशवी खाटेवर ओतली. एक खरबरीत कानस ठेवून घेतली, रंदा माझ्या हातात परत दिला.

“हा सीधा चालतो दादा. लकडी थोडीच सीधी असते? याचा टेबल बनव.”

मग त्यांनी आढ्यातून स्वतःचं पातं काढलं. ट्रकच्या कमानपट्टीचं, दोन्ही टोकांना मुठी. दोन हातांनी अंगाकडे ओढून लाकूड सोलायचं.

“आठ दिवस वापर. होळीच्या आत मला एक धनुष्य पुरं करून द्यायचंय, अन् पातं हे एकच.”

मी हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला. गंज लागू नये म्हणून पात्याला बकऱ्याची चरबी चोपडलेली. जुनी, पिवळट, तिच्यात दोनचार केस. आमच्या घरात अंडंसुद्धा शिजत नाही.

“अहो, कोणाचं मढं आणलंत?” बायकोनं दारातच पदर नाकाला लावला. “आधी ते बाहेर, मग तुम्हीपण बाहेर!”

साबण झाला, लिंबू झालं, राख झाली. वास जाईना. जेवायला बसलो तर वरणालाही तोच वास. पात्याचा काळेपणा तर पाहवत नव्हता. शेवटी ते उचलून आमच्याकडच्या लालबागेत मेहुण्याच्या वेल्डिंगच्या दुकानात नेलं.

“दाजी, आरसा करून देतो!” म्हणत त्यानं ते ग्राइंडरला लावलं. ठिणग्या उडाल्या, धार मोरपिसासारखी निळी झाली.

“वा, काय रंग आलाय!” हे मीच म्हणालो.

घरी लाकडावर चार ओढी मारल्या आणि धार दुमडली. तापून पोलादाचं पाणी उतरलं होतं. मला पात्याची किळस आली होती. आता माझीच शिसारी आली. त्या साबण-लिंबानं घासघासून धुतलेल्या हातांचीसुद्धा.

दुसऱ्याच दिवशी पाड्यावर गेलो. बाबांनी धार नखावर टेकवली.

“कोणी चमकवलं?”

“मेहुण्यानं...”

“मेहुण्याला कोणी दिलं?”

“मी.”

ते उठले. मला वाटलं, आता हाकलतील. पण ते मला घेऊन पलीकडच्या लोहाराकडे गेले. भाता मला ओढायला लावला. दुपारभर ओढला. खांदे भरून आले, धुरानं डोळे चुरचुरले. पातं लाल झालं, विझवलं, पुन्हा शेकलं, दगडावर घासून धार लावली. बाबांनी नखावर धार पाहिली आणि लाकडावर एक ओढ मारली. लांब, सलग साल निघाली. होळीचं धनुष्य वाचलं.

मग त्यांनी चरबीची वाटी माझ्यासमोर सरकवली.

“लाव.”

रुमाल होता खिशात. मी बोटं बुडवली. एक केस चिकटला. तोंडाला पाणी सुटलं, ते उलटीचं. मूठ ते मूठ, दोन्ही बाजूंनी नीट चोपडलं.

त्या रात्री बायकोनं माझं ताट अंगणात वाढलं. मी तिथंच बसून जेवलो. चमच्यानं.