राजाचे लाडू

शेळीच्या करडाला लाडू वळून घालणारा ओझरच्या पंचक्रोशीतला मी एकमेव माणूस आहे आणि मला त्याची अजिबात लाज वाटत नाही.

आमचं करडू, राजा, दोन महिन्यांचं झालं तरी उभं राहताना लटपटायचं. हिरड्या पांढऱ्याफटक. डॉक्टर म्हणाले, "रक्त कमी आहे. नुसत्या दुधातून लोह पुरत नाही. इंजेक्शन देऊ, नाहीतर आठवडाभर शेवग्याचा पाला घालून बघा."

"इंजेक्शनच द्या," बायको म्हणाली.

"पाल्यावरच उभा करतो." (जन्मभर कारखान्यात लोखंडाशी संसार केलेल्या माणसाला लोह कुणी शिकवायचं?)

"करडू गेलं ना, तर गाठ माझ्याशी आहे!"

राजा पाल्याकडे ढुंकून बघेना. मग मी पाला वाळवला, कुटला आणि नाचणीचं पीठ, नावाला गूळ घालून बारके लाडू वळले. ते मात्र त्यानं मटामटा खाल्ले. चार दिवसांत मला ढुशा द्यायला लागला. मी गल्लीभर ढुशांचे वळ दाखवत फिरलो.

त्यातच नातवाचं बारसं आलं. मुलगी बाळंतपणाला आमच्याकडेच होती. तिच्या सासरची माणसं येवल्याहून आली. बायको आतून ओरडली, "अहो, बाळंतिणीचे अळिवाचे लाडू ठेवा जरा पाहुण्यांपुढे!" मी घाईत डबा उचलला आणि ठेवला.

विहीणबाईंनी पहिला घास घेतला तेव्हा लक्षात आलं, डबा राजाचा.

"वेगळीच चव आहे हो," त्या म्हणाल्या. "औषधी दिसतात."

मी मान डोलावली. (लोह कुणाच्याही पोटात लोहच!) बघता बघता दोनच लाडू उरले.

"हे आम्हाला बांधून द्या," विहीणबाई म्हणाल्या.

राजाचा संध्याकाळचा खुराक! मी डबा पोटाशी धरला. "नाही मिळणार."

मुलगी रडकुंडीला आली, "बाबा, द्या ना!"

"राजाचे आहेत, शेवग्याच्या पाल्याचे. त्याच्या अंगात रक्त नाही."

"अगंबाई, राजा कोण?"

मी गोठ्याकडे बोट दाखवलं. राजा दावं तोडून आलाच आणि त्यानं विहीणबाईंच्या हातातला अर्धा लाडू पळवला.

"याच्या अंगात रक्त नाही म्हणता?" विहीणबाई म्हणाल्या आणि त्यांनी पदरानं हात पुसला.

राजाच्या हिरड्या आज लालबुंद आहेत. इंजेक्शन दिलं नाही ते नाहीच.

दिवाळीला येवल्याहून फराळ आला. बेसनाचे लाडू, वर चिठ्ठी 'राजासाठी'. आणि माझ्यासाठी शेवग्याच्या पाल्याची जुडी.